साल्हेरसाठी छोटी गॅस शेगडी घ्यायची आहे: शेगडी कोणती, डबा कोणता, चौघांना गॅस किती?

वाघूरकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेरीस साल्हेर-सालोटा करायचा बेत आहे. मी, भाऊ, वहिनी आणि एक मैत्रीण, असे चौघं. वाघांब्याकडून चढायचं, परवानगी असेल तर वर गुहेत रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी साल्हेरवाडीत उतरायचं. पुढे फेब्रुवारीत तोरणमाळही मनात आहे.

आजवर आम्ही तीन दगड मांडून चूल पेटवत आलो. गेल्या वर्षी पाटणादेवीला वनरक्षकांनी चूल लावू दिली नाही, आणि त्यांचं म्हणणं पटलं. सागाचा पाचोळा इतका पडला होता की एक ठिणगी पुरे. साल्हेर तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या गुहा काजळायला आमचंच मन धजत नाही. म्हणून गॅसची छोटी शेगडी घ्यायचं ठरलं.

दुकानात तीन प्रकार पाहिले. एक डब्याच्या डोक्यावरच फिरवून बसते, मुठीत मावेल एवढी. दुसरी जमिनीवर बसते आणि नळीने डब्याला जोडतात. तिसरी पेटीसारखी सपाट, तिच्यात लांबट डबा आडवा बसतो. दुकानदार म्हणाला, कुठलीही घ्या, सारख्याच. मला ते पटत नाही.

चौघांची खिचडी, चहा, सकाळचे पोहे, एवढंच करायचंय. वर टाक्याचं पाणी उकळूनच प्यावं म्हणतात, तेही धरा. गॅस किती लागेल? आणि डबा संपला की घरच्या सिलिंडरमधून भरता येतो असं भाऊ म्हणतो, ते खरं का?

तापीथडी (शहादा)

ताई, तोरणमाळला पेटीवालीच न्या. गाडी थेट वर जाते, यशवंत तलावाजवळ सपाट जागा बघून मांडायची. आम्ही घरचे सगळे जातो तेव्हा तीच असते, पातेलं अजिबात डगमगत नाही. साल्हेरला मात्र पाठीवर ती पेटी नको. शेगडीचंच वजन सव्वा-दीड किलो भरतं.

पांझरेकर (साक्री)

डबा भरायचं म्हणाल तर आमच्याकडे पोरं भरतात. बाजारात पितळेचं अडॅप्टर मिळतं, सिलिंडर उलटं धरायचं की पाच मिनिटांत काम. नवा डबा महाग पडतो आणि आपल्याकडे लवकर मिळतही नाही. मी अजून केलेलं नाही, पण बघितलंय.

शेगडीवाला आप्पा (धुळे)

ताई, माझा धंदाच शेगड्या दुरुस्तीचा. रोज लोकांच्या घरचे बर्नर, नॉब, जेट खोलतो आणि रविवारी लळिंगपासून भामेरपर्यंत जमेल तो डोंगर चढतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो, जरा सविस्तर.

आधी पांझरेकर भाऊंना. भाऊ, हे काम करू नका आणि त्या पोरांनाही करू देऊ नका. हात जोडून सांगतो. त्या पातळ डब्यात कारखान्यात ब्युटेन भरतात, फार तर त्यात आयसोब्युटेन आणि थोडा प्रोपेन. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसमध्ये प्रोपेन जास्त असू शकतो आणि प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या कितीतरी पट. सिलिंडरचं पोलाद जाड असतं, हा डबा पत्र्याचा. दुसरं, सिलिंडर कधी काठोकाठ भरत नाहीत, वर वाफेला जागा ठेवतात, कारण ऊन लागलं की आतला पातळ, म्हणजे द्रवरूप, गॅस फुगतो. अडॅप्टरने भरताना आत किती गेला हे कळायला काहीच सोय नाही. काठोकाठ भरलेला डबा सकाळी ठणठणीत दिसतो, दुपारी गाडीत तापला की फुटतो. भुसावळच्या उन्हाळ्यात बंद गाडीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस काढायला कायद्यानेही बंदी आहे. डबा महाग वाटतो हे कबूल, पण ती बचत करायची जागा ही नाही.

आता ताई, तुमचा प्रश्न. दुकानदार सारख्याच म्हणाला ते चूक. पण माझ्या मते शेगडीच्या आधी डबा ठरवा. शेगडी एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते, डबा दर वेळी लागतो. जो डबा तुम्हाला जळगावात बसून मिळवता येईल, त्याला बसणारी शेगडी घ्या.

बाजारात मुख्य तीन डबे येतात. एक बुटका, घुमटासारखा, वर आटे असलेला. ११०, २३०, ४५० ग्रॅम अशा मापांत येतो. ट्रेकवाले तोच वापरतात. शेगडी काढली की वाल्व आपोआप बंद होतो, उरलेला गॅस पुढच्या वेळी कामाला येतो. दुसरा लांबट, फवाऱ्याच्या डब्यासारखा, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास गॅसचा. हा पेटीवाल्या शेगडीचा, आणि तालुक्याच्या गावीसुद्धा भांड्यांच्या मोठ्या दुकानात सापडतो. तिसरा भोक पाडून बसवायचा. तो घेऊ नका. एकदा भोक पाडलं की संपेपर्यंत शेगडी काढता येत नाही, आणि पिशवीत तसा घेऊन चालणं मला मान्य नाही.

आट्यांचा डबा आपल्याकडे धुळे-जळगावात क्वचित दिसतो. नाशिक-पुण्याच्या ट्रेकच्या दुकानांतून आणावा लागतो. ऑनलाइन मागवला तर विमानाने पाठवता येत नाही, म्हणून महिनाभर आधीच मागवा. डिसेंबरअखेरचा बेत आहे ना, मग नोव्हेंबरातच हालचाल करा.

साल्हेरला चौघांसाठी मी नळीवालीच सांगेन, आट्यांच्या डब्याची. कारण सांगतो. डोक्यावर बसणारी शेगडी वजनाला शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, दोघांच्या चहाला उत्तम. पण तिच्यावर तीन लिटरचं खिचडीचं पातेलं ठेवलं की सगळा डोलारा उंच होतो. खाली अरुंद डबा, वर चार बोटांचे पाय, त्यावर भरलेलं पातेलं. ढवळताना पळीचा धक्का लागला तर उकळती खिचडी कुणाच्या तरी पायावर. नळीवाली जमिनीला धरून बसते, पाय पसरट असतात, डबा हातभर लांब राहतो. दोन-अडीचशे ग्रॅम वजन वाढतं, चौघांत ते काहीच नाही.

वारा हे दुसरं कारण. साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत आणि वर माथ्यावर जो वारा असतो, त्यात उघड्या ज्योतीची निम्मी आच उडून जाते. आडोसा लागतोच. नळीवालीला पत्र्याचा आडोसा चारी बाजूंनी जवळ लावता येतो, कारण डबा बाहेर असतो. डोक्यावरच्या शेगडीला तसा आडोसा कधीही लावू नका, डबा आतल्या आत तापतो. तिला फक्त वाऱ्याच्या बाजूने दगडाची आड द्यायची, बाकी बाजू मोकळ्या. साधी परीक्षा आहे: अधूनमधून डब्याला हात लावा. गार लागला तर ठीक, कोमट लागला तर आडोसा काढा, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. कुठल्याही डब्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं, ते वाचून सोडून द्यायचं नाही.

आता हिशोब. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळायला झाकण ठेवून, आडोसा असेल तर साधारण १४ ग्रॅम गॅस जातो. तीन वेळचा चहा ३० ग्रॅम धरा. खिचडी ४५, पोहे २०. म्हणजे ९५ ग्रॅम. वाऱ्यासाठी निम्मा वाढवा, दीडशेच्या आत काम होतं. २३० चा एक डबा पुरून उरतो.

पण तुम्ही पिण्याचं पाणी उकळायचं म्हणालात. चौघांना तीन-तीन लिटर, म्हणजे बारा लिटर. बारा गुणिले चौदा, १६८ ग्रॅम. अख्ख्या स्वयंपाकापेक्षा जास्त गॅस नुसत्या पाण्याला! म्हणून मी पाणी खालून वाघांब्यातून जमेल तेवढं भरून नेतो आणि वरच्या पाण्याला क्लोरीनच्या गोळ्या किंवा छोटा फिल्टर वापरतो. गोळी टाकल्यावर पाकिटावर लिहिलेली वेळ थांबायचं, घाई नको. चहा-खिचडीचं पाणी उकळतंच, त्याची चिंता नाही. उकळूनच प्यायचं असेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, दहा-दहा मिनिटं उकळत ठेवू नका. आणि मग २३० चे दोन डबे न्या.

थंडीबद्दल. ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की वाफ होतच नाही. आपल्याकडे एवढी थंडी नाही, पण पहाटे वर सहा-सात अंश असले की दाब निम्म्याहून कमी होतो, ज्योत मिणमिण करते. शिवाय गॅस जळत असताना डबा स्वतःच गार पडत जातो. उपाय सोपा: डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपा, आणि सकाळी ज्योत मंदावली तर कोमट पाण्याच्या थाळीत बसवा. कोमट म्हणजे बोट सहज बुडवता येईल इतकंच. ज्योतीवर डबा शेकणारे लोक मी पाहिलेत, असं कुणी करताना दिसलं तर त्याच्या हातातून काढून घ्या. आयसोब्युटेन-प्रोपेन मिसळलेला डबा मिळाला तर हा त्रास बराच कमी होतो. डब्यावर लिहिलेलं असतं, बघून घ्या.

खिचडीला एक युक्ती. साल्हेर १५६७ मीटर, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ लवकर शिजत नाही. तूरडाळ नेऊच नका. मुगाची डाळ आणि तांदूळ पायथ्याशी एका डब्यात भिजत घाला, चढेपर्यंत भिजतात. वर फोडणी, पाणी, उकळी, पाच-सात मिनिटं मंद आच, मग झाकण घट्ट लावून पातेलं टॉवेलात आणि वर गोधडीत गुंडाळून वीस मिनिटं ठेवा. आपोआप मऊ होते आणि गॅस वाचतो. भाकरी वर भाजायच्या फंदात पडू नका. या शेगडीची आच मधोमध एकवटते, भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. कळण्याच्या भाकरी घरून न्या, ठेचा न्या, दोन दिवस छान टिकतात.

घेतल्यावर आधी घरी, गच्चीवर लावून बघा. डबा उभा, नॉब बंद, हाताने सरळ आट्यात फिरवायचा. पक्कड लावायची नाही, जास्त आवळलं की आतलं रबराचं वायसर चिरतं. मग सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर पेटवू नका, वायसर बदला. ज्योत निळी हवी. पिवळी आणि भांड्याला काजळी धरत असेल तर जेटमध्ये कचरा आहे. सुईने टोचू नका, भोक मोठं होतं, फुंकून किंवा हवेने साफ करा. खटक्याने पेटणारी शेगडी असली तरी काडेपेटी वेगळ्या पिशवीत ठेवाच. ओलाव्यात तो खटका दगा देतो.

आणि तंबूत किंवा गुहेच्या आतल्या अंगाला पेटवायची नाही. गुहेच्या तोंडाशी, हवा खेळती असेल तिथे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही.

वाघूरकाठ (जळगाव)

आप्पा, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. भावाला तुमचा सिलिंडरचा भाग मोठ्याने वाचून दाखवला, आता तो विषय संपला.

अजून दोन शंका. एक, लांबट डबा इथे सहज मिळतो, तर नळीवालीला तो अडॅप्टरने लावता येईल का? दोन, जळगावहून मनमाडला रेल्वेने जाऊन पुढे सटाणा-ताहाराबाद करायचा विचार होता, डबा सोबत नेला तर चालेल ना?

आणि वहिनी विचारतेय, वर भरताचं वांगं भाजता येईल का. डिसेंबरात भरिताशिवाय तिला जमणार नाही.

शेगडीवाला आप्पा (धुळे)

रेल्वेने नाही, ताई. डबा भरलेला असो की अर्धा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ मध्ये धोकादायक माल रेल्वेत नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रेल्वेच्या भरल्या डब्यात शेजारी लेकरं बसलेली असतात. एसटीतही नेऊ नका. जीप करा. जळगाव, धुळे, साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद असा रस्ता आहे, तुम्हाला मनमाडचा वळसाही पडणार नाही. डबा गाडीत सावलीच्या बाजूला, कापडात गुंडाळून, आणि जेवायला थांबलात तर उन्हातल्या बंद गाडीत सोडू नका.

अडॅप्टर. हो, लांबट डबा आडवा ठेवून लावायचं अडॅप्टर मिळतं आणि हे सिलिंडर भरायच्या अडॅप्टरपेक्षा निराळं, यात गॅस एकीकडून दुसरीकडे भरला जात नाही. नळीवालीला ते चालतं, डोक्यावरच्या शेगडीला चालत नाही. एकच गोष्ट ध्यानात ठेवा. लांबट डब्याच्या कडीला एक खाच असते. डबा आडवा ठेवल्यावर ती खाच वरच आली पाहिजे. आत वाकडी नळी असते, खाच वर असली की नळीचं तोंड वाफेत राहतं. खाली झाली की पातळ गॅस शेगडीत येतो आणि भडका उडतो. दोन्ही बाजूंना दगड लावून डबा लोळणार नाही असा बसवा. मला विचाराल तर साल्हेरला आट्यांचाच डबा न्या, अडॅप्टर अडीअडचणीला.

वांग्याचं म्हणाल तर वहिनींचं दुखणं मला कळतं. पण या शेगडीवर भाजू नका. वांग्याचा रस बर्नरमध्ये गळतो, जेट बुजतं आणि मग चहालाही मुकाल. शिवाय गॅसवरच्या वांग्याला पऱ्हाटीच्या काड्यांवरच्या वांग्याची चव येत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेतात काड्यांवर भाजून, सोलून, ठेचून डब्यात घट्ट भरा. वर गेल्यावर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात यांची तेलात फोडणी द्यायची. दहा ग्रॅम गॅसचं काम. मात्र त्याच रात्री संपवा, दुसऱ्या दिवसाला ठेवू नका.

तापीथडी (शहादा)

आप्पांनी पेटीवाल्या शेगडीचं फारसं सांगितलं नाही, तोरणमाळसाठी एक भर घालतो. तिच्यावर मोठा तवा कधी ठेवू नका. भाकरीचा तवा बाजूच्या डब्याच्या झाकणावर येतो आणि त्याची आच खाली डब्याला लागते. चांगल्या पेटीत दाब वाढला की डबा आपोआप सुटायची सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. दोन शेगड्या शेजारी लावून वर एकच मोठी परात ठेवतात, तेही याच कारणाने वाईट.

सीताखाई (नंदुरबार)

ताई, मी अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीच्या यात्रेला जाते. चढ मोठा, माणसं खूप, अंधारात वाट. तिथे एक गोष्ट शिकले ती सांगते: शेगडी कुणाच्या हातात असेल ते आधीच ठरवा. चौघांतलं एकच माणूस पेटवणार, तेच बंद करणार, तेच डबा काढून पिशवीत ठेवणार. सगळ्यांनी हात लावला की नॉब अर्धवट राहतो.

आणि रिकामे डबे खाली आणा. पायथ्याच्या गावात टाकू नका, तिथली लेकरं खेळायला घेतात.

पांझरेकर (साक्री)

आप्पा, बठ्ठं बराबर शे. पोरांना तुमचं लिहिलेलं पाठवलं. त्यांच्याकडचं ते अडॅप्टर मी उद्या जाऊन घेऊनच येतो. एक विचारू? अर्धा वापरलेला डबा किती उरलाय हे कसं ओळखायचं? हलवून अंदाज येत नाही.

शेगडीवाला आप्पा (धुळे)

भाऊ, फार बरं केलंत.

वजनावरून ओळखायचं. नवा डबा आणला की किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा आणि जे वजन येईल ते मार्करने डब्यावर लिहा. त्यातून लिहिलेला निव्वळ गॅस वजा केला की रिकाम्या डब्याचं वजन निघालं. पुढे दर वेळी निघण्याआधी काट्यावर ठेवा. २३० च्या डब्याचं भरलेलं वजन ३८० आलं, तर रिकामा १५०. आज २६० भरला तर गॅस ११० ग्रॅम. दोघांच्या एका मुक्कामाला पुरेल, चौघांना नवा घ्यावा लागेल.

आणि सीताखाई ताई म्हणतात तसं रिकामा खाली आणल्यावर मोकळ्या जागेत, आसपास विडी-काडी नसताना, शेगडी लावून ज्योत आपोआप विझेपर्यंत जाळा. नंतर नॉब उघडा ठेवून तासभर सोडा. मगच खिळ्याने भोक पाडून भंगारवाल्याला द्या. भोक दिसलं की तो बिनधास्त घेतो, बंद डबा घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

वाघूरकाठ (जळगाव)

ठरलं. नळीवाली शेगडी, आट्यांचा २३० चा एक डबा आणि ११० चा एक राखीव, क्लोरीनच्या गोळ्या, पत्र्याचा आडोसा. नाशिकला मावसभाऊ राहतो, तो दिवाळीला जीपने घरी येणार आहे, त्याच्याकडून मागवते. पेटवायचं काम वहिनीकडे दिलंय, कारण आमच्यात तीच सगळ्यात शांत. वांगी मामांच्या शेतातली, काड्यांवर भाजून नेणार.

आप्पा, शेगडी आली की साबणाच्या पाण्याची परीक्षा घेते आणि बुडबुडा दिसला तर धुळ्याला तुमच्याकडेच घेऊन येते.